मातीशिवाय लेट्यूस, दिव्याखाली

दिव्याखाली लावलेलं लेट्यूस बिघडलं की दोष आधी बियाण्याला दिला जातो, मग दिव्याला. दोन्ही बदलून होतात, पैसे जातात आणि पुढची रोपंही तशीच पिवळी पडतात. बिघाड बहुतेक वेळा पाण्यात असतो. नळाला कसलं पाणी येतं, त्यात खत कुठल्या रूपात पडलं आणि मुळांपाशी ते किती तापलं, एवढं आवाक्यात आलं की बियाणं कुठल्या कंपनीचं याने फारसा फरक पडत नाही.

म्हणून पहिली खरेदी दिव्याची नको, ईसी मीटरची. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून क्षार किती विरघळलेत ते कळतं. दुकानात टीडीएस मीटर म्हणून जे पेन मिळतं तेही आतून ईसीच मोजतं, पण कुणी त्याला ५०० ने गुणतं, कुणी ७०० ने, आणि पीपीएम म्हणून दाखवतं. दोघांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. थेट ईसी दाखवणारं पेन घ्यावं आणि पीपीएमच्या भानगडीत पडू नये.

धरणाचं पाणी मऊ असतं, ईसी साधारण ०.१ ते ०.३ (इथले सगळे आकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये). बोअरचं किंवा टँकरचं पाणी सहज १ च्या वर जातं. अडचण अशी, की सोसायटीच्या टाकीत दोन्ही एकत्र पडतात आणि मार्च उलटला की टँकर वाढतात. जानेवारीत जमलेलं गणित एप्रिलमध्ये चुकतं ते इथे. त्यामुळे नवं पाणी भरताना दर वेळी मोजायचं. ०.५ च्या आत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा, क्लोरीन बरंचसं उडून जातं. ०.८ च्या वर असेल तर आरओचं पाणी मिसळून ०.४ पर्यंत खाली आणा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र घ्यायचं नाही, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

आता खत. हायड्रोपोनिक्सच्या नावाने मिळणाऱ्या छोट्या बाटल्या महाग असतात आणि त्यात नेमकं काय किती आहे ते धड लिहिलेलं नसतं. द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकमधून जी विद्राव्य खतं सोडतात तीच आपल्याला लागतात आणि ती कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलो-किलोच्या पुड्यांत मिळतात. दुकानदार हमखास एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, यांचे टक्के) पुढे करतो, ‘सगळं यातच आहे’ म्हणून. ते घेऊ नका. त्यातल्या १९ टक्के नत्रापैकी साडेदहा टक्क्यांपर्यंत नत्र युरियाच्या रूपात असतं. शेतात मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. आपल्या खोक्यात माती नाही, तेवढे जिवाणूही नाहीत, त्यामुळे हे नत्र पाण्यात पडून राहतं आणि रोप उपाशी. त्यात आणखी फसवणूक अशी, की युरियाला विद्युतभार नसल्याने ईसी मीटरला तो दिसतच नाही. आणि या मिश्रणात कॅल्शियम मुळातच नसतो. बारा-एकसष्टचं नत्र सगळं अमोनियमचं, तेही नको. पाण्याचा पीएच झपाट्याने खाली खेचतं.

घ्यायची ती चार खतं अशी: कॅल्शियम नायट्रेट, तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शून्य-बावन-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आणि मॅग्नेशियम सल्फेट. शिवाय १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक छोटी पुडी.

घरच्या काट्यावर ग्रॅमचे शतांश मोजता येत नाहीत, म्हणून शंभरपट दाट अशी दोन द्रावणं करून ठेवायची. पहिल्या बाटलीत, एक लिटर पाण्यात, कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम आणि लोह दीड ग्रॅम. दुसऱ्या बाटलीत, तेवढ्याच पाण्यात, पोटॅशियम नायट्रेट ४०, मोनो पोटॅशियम फॉस्फेट १८, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं एक ग्रॅम. सूक्ष्म अन्नद्रव्यांत हात सैल सोडू नका. फवारणीच्या मिश्रणांत जस्त आणि तांबं पाण्यातल्या लागवडीला लागतं त्याहून बरंच जास्त असतं. दोन्ही बाटल्या अंधारात ठेवायच्या, पहिली तर नक्कीच, कारण उजेडात लोहाचं चिलेट मोडतं.

वापरताना दर लिटर पाण्याला दोन्हींतलं १०-१० मिलि. पहिलं पाण्यात टाका, ढवळा, मगच दुसरं. दोन दाट द्रावणं थेट एकमेकांत ओतली तर क्षणात पांढुरका गढूळपणा येतो. कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडून जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं, आणि मग कितीही ढवळलं तरी ते पुन्हा पुरतं विरघळत नाही. तळाला पांढरा साका दिसला तर ते द्रावण कुंड्यांना घाला आणि नवं करा. या मापाने लिटरमध्ये सुमारे १६० मिलिग्रॅम नत्र, ४० स्फुरद, २०० पालाश, १३० कॅल्शियम आणि ३८ मॅग्नेशियम मिळतं, आणि नळाच्या पाण्याचा ईसी दीडेकने वाढतो.

कॅल्शियम नायट्रेटबद्दल एक सूचना. ते हवेतली ओल ओढून घेतं. पुडी फोडून रबर लावून ठेवली तर पावसाळ्यात आठवड्याभरात तिचा ओला गोळा होतो आणि मग वजन मोजण्याला काही अर्थ उरत नाही. फोडल्या फोडल्या सगळंच द्रावण करून टाका किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. खडीसाखर समजून कुणी उघडू नये.

खत मिसळून झाल्यावर पीएच बघायचा, आधी नाही. लेट्यूसला ५.५ ते ६.३ मानवतो. ६.५ च्या वर गेला की ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (आपलं १२ टक्क्यांचं तेच) मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं जाळीदार दिसायला लागतं. पाण्यात लोह भरपूर असूनही हे होतं, म्हणून वरून आणखी लोह घालण्यात काही हशील नाही.

पीएच उतरवायला लिंबूसत्व वापरायचा सल्ला हमखास मिळतो. त्या संध्याकाळी पीएच सहावर येतोही. दोन दिवसांत सूक्ष्मजीव ते सत्व खाऊन टाकतात, पीएच परत वर, आणि पाण्यावर बुळबुळीत तवंग वेगळाच. फॉस्फोरिक ॲसिड घ्या, ठिबकच्या नळ्या धुवायला मिळतं तेच. हातमोजे आणि चष्मा लावून ८५ टक्क्यांच्या ॲसिडमधलं १० मिलि एक लिटर पाण्यात टाका. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हे सौम्य द्रावण मग दर लिटरला एकेक मिलि घालत, ढवळत, मोजत जायचं. मऊ पाण्याला चार-पाच मिलि पुरतात. पंधरा-वीस मिलि घालूनही पीएच दुसऱ्या दिवशी सातच्या वर चढत असेल तर पाण्यात बायकार्बोनेट फार आहे असं समजा. अशा वेळी ॲसिड वाढवत गेलं तर स्फुरदाचा अतिरेक होतो, कारण प्रत्येक मिलिबरोबर लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम स्फुरद आत जातं. त्यावर इलाज आरओचं पाणी मिसळणं हाच. पीएच मीटरचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही आणि आरओच्या पाण्यातही बुडवून ठेवायचं नाही. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. महिन्यातून एकदा ६.८६ आणि ४.०१ च्या बफरशी ताडून बघा. स्वस्तातलं मीटर अर्ध्या-पाऊण अंकाने आरामात खोटं बोलतं.

खोकं कसलं घ्यावं? फळवाल्याकडचा थर्माकोलचा डबा. ४५ बाय ३० सेंटिमीटरचा, आत १८ सेंटिमीटर पाणी राहील असा. त्यात २४ लिटर मावतं आणि सहा रोपं बसतात. एका गड्ड्याला आयुष्यभरात चारेक लिटर पाणी लागतं हा हिशेब हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीतला आहे. ती पद्धत अशी, की पंप नाही, हवेचे बुडबुडे नाहीत, पाणी एकदाच भरायचं आणि रोप ते पीत जाईल तशी मधली जागा हवेची होत जाईल. प्लॅस्टिकच्या बादलीतही जमतं, पण थर्माकोल उन्हाळ्यात पाणी गार ठेवतं. आतून काळं प्लॅस्टिक अंथरा, झाकणाला बाहेरून ॲल्युमिनियमचा कागद लावा. उजेड शिरला की शेवाळ आलंच. दोन इंची जाळीच्या कपांसाठी धारदार कडेचा पत्र्याचा डबा फिरवून भोकं पाडा, कपाच्या काठापेक्षा थोडी लहान.

भरताना पाणी कपाच्या तळाला सेंटिमीटरभर लागलं पाहिजे. इथून पुढे हात आवरणं हे मोठं काम. दहा-बारा दिवसांत पातळी बोटभर उतरते आणि नवखा माणूस काळजीने परत काठोकाठ भरतो. तोवर मुळांचे दोन प्रकार झालेले असतात. झाकण अलगद उचलून पाहा: वरच्या ओल्या हवेत लोंबणारी मुळं आखूड, भरपूर फाटे फुटलेली आणि बारीक लव असलेली, कापसाच्या पेळूसारखी दिसतात. खाली पाण्यात गेलेली लांब, गुळगुळीत, जवळजवळ बिनफाट्याची. वरची प्राणवायू घेतात, खालची पाणी आणि खत. पातळी वर चढवली की लव असलेली मुळं बुडतात, गुदमरतात आणि भर ओल्या पाण्यात रोप कोमेजून मान टाकतं. पाहणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततो. भरायचंच असेल तर पाणी निम्म्याच्या खाली गेल्यावर, आणि तेही निम्म्यापर्यंतच.

कपात भरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, धुतल्याशिवाय वापरू नका. विटेला पाणी लावून फुलवा, पिळा, पुन्हा भिजवा. निथळलेल्या पाण्याचा ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग लिटरला दोन-तीन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेवा आणि पुन्हा निथळा. कोकोपीटला सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेलं असतं. ते सोडून ते कॅल्शियम पकडतं. ही देवाणघेवाण आधीच उरकली नाही तर रोपाच्या वाटणीचं कॅल्शियम ते खातं.

लेट्यूसच्या बियाला उगवायला उजेड लागतो, म्हणून पुरायचं नाही. ओल्या कोकोपीटवर ठेवून नुसतं दाबायचं. ३० अंशांच्या आसपास बी झोपी जातं. एप्रिलमध्ये पेरलेलं अख्खं पाकीट उगवत नाही ते यामुळे, आणि दुकानदाराशी भांडणं मात्र होतात. ओल्या टिश्यू कागदावर बी पसरून, डबीत घालून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा, मग संध्याकाळी कपात टाका. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी दिवा लावायचा. एक दिवस अंधारात राहिलं तरी देठ दोऱ्यासारखं ताणतं आणि ते नंतर आखूड होत नाही. अशी रोपं जगवत बसू नका, पुन्हा पेरा. दोन खरी पानं येईपर्यंत खत निम्म्याच मापाने, ईसी ०.८ च्या आसपास.

घरात दिव्याखाली झाडं लावण्याबद्दल इंग्रजीत जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं अमेरिका-कॅनडातल्या गांजा लावणाऱ्यांचं आहे. तंबू, टायमर, कोळशाची गाळणी, सगळी परिभाषा तिकडून आली. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने ते झाड घरी लावणं गुन्हा आहे, हे तर आहेच. पण त्यांचे आकडेही आपल्या कामाचे नाहीत. फुलोऱ्यावरच्या झाडाला ते देतात तेवढ्या उजेडात आणि दोनच्या वरच्या ईसीत लेट्यूसची पानं कडेने करपतात.

आपल्याला चार फुटी २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या पुरतात, ६५०० केल्विनच्या. चार फूट बाय दीड फूट फळीवर चार पट्ट्या लावल्या तर पानांवर दहा हजार लक्सच्या आसपास मिळतात. वाढ होते, पण रेंगाळत. सहा लावल्या की चौदा-पंधरा हजारांवर जातं आणि गड्डा भरतो. पानांपासून वीस सेंटिमीटर वर, दिवसाला १४ ते १६ तास, टायमरवर. सहा पट्ट्या सोळा तास म्हणजे दिवसाला दोन युनिटला थोडी कमी, महिन्याला ५८ च्या आसपास. बिल त्याने वरच्या स्लॅबमध्ये जाईल का ते आधी पाहून घ्या. ‘१००० वॅट’ लिहिलेला जांभळा दिवा भिंतीतून जेमतेम शंभरेक वॅट ओढतो. शिवाय त्या रंगात पान पिवळं पडलंय की नाही तेच कळत नाही.

उष्णतेशी झगडा सगळ्यात लांबतो. पाणी १८ ते २४ अंशांत असलं की मुळं पांढरी राहतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांत साडेसात. तापलेल्या पाण्यात मुळांना हवा कमी आणि पिथियम बुरशीला मोकळं रान. मूळ कुजलं की नुसतं तपकिरी दिसत नाही. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात येते, आत दोरा उरतो, आणि डबक्याचा वास येतो. लोहाच्या डागाने तपकिरी झालेलं मूळ मात्र घट्ट असतं, वास नसतो. ते पाहून घाबरून रोप उपटू नका. कुज लागली तर हायड्रोजन पेरॉक्साइडने दोन दिवस बरं वाटतं, टिकत नाही. रोपं टाका, डबा दहापट पाण्यातल्या ब्लीचने धुऊन वाळवा.

पाणी गार ठेवायला खोकं लाकडी फळीऐवजी फरशीवर आणा, दिवे रात्री चालू ठेवा आणि दुपारी बंद. एक लिटर पाण्याची गोठवलेली बाटली २४ लिटरला हिशेबाने चार अंश उतरवते, प्रत्यक्षात तीन. संध्याकाळपर्यंत ते परत चढतं, तेव्हा दोन बाटल्या आलटून पालटून. उन्हाळ्यात खतही पातळ करा, ईसी १.० ते १.२. गरम हवेत रोप पाणी जास्त पितं, खत मागे राहतं आणि खोक्यातला ईसी रोज थोडा वर सरकतो. थंडीत १.६ ते १.८ चालतो.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर कॅल्शियमची बाटली हातात घेऊ नका. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पान जितकं बाष्प सोडेल तितकंच त्याच्या वाट्याला येतं. मिटलेल्या गड्ड्याच्या आत हवा हलत नाही, तिथवर ते पोचतच नाही. कॉम्प्युटरमधला जुना १२ व्होल्टचा पंखा बाजूने हळू चालू ठेवा, पानं किंचित हलतील इतकाच. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांत असेल तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी, वरच्या कोवळ्यांत असेल तर लोह, म्हणजेच बहुधा पीएच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चार दिवस थांबायचं. दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. खोक्यावरच कागद चिकटवून तारीख, ईसी, पीएच आणि पाण्याचं तापमान लिहीत जा.

कीड फार नसते. ओल्या कोकोपीटवर चिलटं येतात, पिवळे चिकट कागद लावा. मावा बहुधा गॅलरीतल्या झाडांवरून येतो. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. कच्चं खायचं पान आहे, त्यावर औषध मारायचं नाही.

पेरल्यापासून तिसाव्या दिवसाच्या पुढे बाहेरची पानं खुडता येतात, पूर्ण गड्डा पंचेचाळीस-पन्नास दिवसांत. मधला दांडा उंच व्हायला लागला, देठातून पांढरा चीक जास्त आला, की पान कडू होणार. तेव्हा वाट न बघता कापून टाका. उरलेलं पाणी तिप्पट पातळ करून कढीपत्त्याला घाला आणि पुढच्या खेपेला नवं भरा.

मे महिन्यात एसीशिवाय लेट्यूसचा हट्ट धरू नये. त्याच खोक्यात, त्याच खतावर बेसिल लावा, तिला ३० अंशही सोसतात. पानांची तिसरी जोडी आली की तिच्या वरचा शेंडा खुडायचा, म्हणजे दोन फांद्या फुटतात. फुलाचा तुरा दिसला की लगेच काढायचा. लेट्यूसचं उरलेलं बी तोवर हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये राहू द्या आणि पाऊस लागून हवा गार झाली की जून-जुलैत परत काढा.